सायकलीची कातडी सीट

गेल्या महिन्याच्या टपालांत नाशिकच्या एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या सासऱ्यांची जुनी विलायती सायकल माळ्यावरून खालीं काढली, तेव्हां तिची कातडी सीट लांकडासारखी कडक झालेली व वर पांढरट बुरशी आलेली आढळली. ती फेकून देऊन फोमची नवी बसवावी असें चिरंजीवांचें मत. बाईंस तें पटत नाहीं, परंतु दुसरें काय करावें हेंही कळत नाहीं. तरी या स्तंभांतून कांहीं मार्ग सांगावा, अशी त्यांची इच्छा आहे.

बाईंनीं आणखी महिनाभर ती सीट फेकूं देऊं नये, एवढें प्रथम सांगतों. बाकीचें उत्तर जरा लांबणार आहे. कारण या विषयांत मीं स्वतः एक सीट कायमची बिघडविली आहे, आणि ती कशी बिघडविली हें सांगितल्यावांचून दुसरी कशी राखावी हें मला नीट सांगतां येणार नाहीं.

आमचें घर जळगांवाजवळच्या असोद्याचें. असोद्याचें नांव निघालें कीं कोणास बहिणाबाई चौधरी आठवतात, कारण १८८० सालचा त्यांचा जन्म याच गांवचा. कोणास भरताचीं वांगीं आठवतात. मला मात्र आधीं आठवते ती ओसरीच्या भिंतीला टेकून ठेवलेली आजोबांची काळी सायकल. १९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले व जळगांव हें पूर्व खानदेशाचें मुख्य ठिकाण ठरलें. तेव्हांपासून आसपासच्या खेड्यांतील लिहितीं-वाचतीं माणसें कचेरीच्या नोकरीसाठीं तेथें जाऊं-येऊं लागलीं. आमचे आजोबा त्यांपैकींच एक. त्यांनीं १९३६ सालीं ही सायकल घेतली, आणि पुढें वीस वर्षें रोज पांच-सहा किलोमीटर जाणें व तितकेंच येणें तिच्यावर केलें. रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यांत चिखल मडगार्डांत असा भरे कीं माणसानें सायकलीवर बसण्याऐवजीं सायकलच माणसाच्या खांद्यावर बसे.

सीट कातड्याची, म्हणून आजीचा तिच्यावर कटाक्ष असे. सायकल ओसरीच्या आंत यावयाची नाहीं, आणि आजोबांनीं कचेरींतून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडावयाचा नाहीं, हे तिचे दोन नियम होते. विलायतेंतील हें जाड कातडें गाईबैलांचें असे. हें तिला कोणी सांगितलें नाहीं, आणि आजोबांनींही दुकानदारास कधीं विचारलें नसावें. तथापि पावसांत सीट भिजूं नये म्हणून मेणकापडाची जी टोपी तिच्यावर चढवीत, ती आजीनेंच शिवलेली होती. फाटली कीं दुसरी शिवून देई.

आतां ही सीट मुळांत आहे काय, तें पाहूं. तिला पाहून ती गादी वाटते, परंतु ती गादी नव्हे. ती ताणलेली झोळी आहे. चार-पांच मिलिमीटर जाडीच्या कातड्याचा एकच तुकडा ओला असतांना साच्यावर दाबून त्यास आकार देतात. मग मागच्या लोखंडी कमानीला व पुढच्या नाकाला तो रिव्हेटांनीं ठोकतात. चांगल्या सीटला हे रिव्हेट तांब्याचे असतात. मध्यें, कातड्याच्या खालीं, कांहींच नाहीं. नाकाखालीं एक नट असतो. तो फिरविला कीं नाक पुढें सरकतें आणि झोळी ताणली जाते. घरगुती सायकलीच्या सीटला मागें दोन वेटोळ्या स्प्रिंगा असतात, त्या रस्त्याचे धक्के सोसतात.

बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्स यानें १८६६ सालीं घोड्यांच्या सामानाचा धंदा काढला. त्याचा घोडा मेला, त्यानें उसनी सायकल आणली, आणि तिच्या लांकडी बैठकीनें तो इतका त्रासला कीं स्वतःच कातडी सीट करण्याच्या मागें लागला, अशी कथा त्याची कंपनी सांगते. घोड्याची कथा खरी असो वा नसो, त्यानें १८८२ सालीं अशा सीटचें पेटंट घेतलें हें खरें. आपल्याकडेही हें यंत्र फार उशिरां आलें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास जें दुकान काढलें तें सायकलींचें होतें. लोखंडी नांगर मागाहून आले. त्या काळच्या सायकली ज्यांस प्रत्यक्ष पाहावयाच्या असतील त्यांनीं पुण्यास कर्वेनगरांत विक्रम पेंडसे यांचें सायकलींचें संग्रहालय अवश्य पाहावें.

नव्या कातडी सीटवर बसणें ही पहिले कांहीं दिवस शिक्षाच असते, हें कबूल केलें पाहिजे. दुकानांत बोटानें दाबून पाहणारा माणूस म्हणूनच फोमची सीट घेतो. परंतु बसलेल्या माणसाचें वजन मांसावर पेललें जात नाहीं. तें बैठकीच्या दोन हाडांवर पेललें जातें. फोम सगळीकडे सारखाच दबतो, आणि तासाभरानें हाडें त्यांत रुतून मधल्या नाजूक भागावर दाब येऊं लागतो. कातडें तसें करीत नाहीं. तें केवळ हाडांखालींच, रोज केसभर, दबत जातें, आणि अखेर तेथें दोन उथळ वाट्या पडतात. मग ती सीट त्या माणसाची होते. आजोबांच्या सीटवर या दोन वाट्या इतक्या स्पष्ट होत्या कीं लहानपणीं आम्ही त्यांत चिंचोके ठेवून खेळत असूं.

यास लागतो किती काळ? दोन-तीनशें किलोमीटरपासून हजारापर्यंत, असा सायकलस्वारांचा निरनिराळा अनुभव आहे. कातड्याची जाडी, माणसाचें वजन व हवा यांवर तें अवलंबून. आजोबांच्या जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर पांचशें किलोमीटर म्हणजे कामाचे पन्नास दिवस. या पन्नास दिवसांत सीट एकाच माणसानें वापरावी, ही खरी अट. आजोबा शेजाऱ्यापाजाऱ्यांस सायकल उसनी देत, नाहीं कधीं म्हणत नसत. मात्र देण्यापूर्वीं पान्यानें आपली सीट काढून एक मोडकी जुनी बसवून देत. गांवांत त्यांस कोणी कोणी चिक्कू म्हणत. मला ते आज फार शहाणे वाटतात.

पहिल्या आठवड्यांत अर्ध्या तासाहून अधिक बसूं नये. सीटचें नाक किंचित् वर असावें, कारण झोळीचा मध्य खालीं जातो व सपाट बसविलेल्या सीटवरून माणूस पुढें घसरत राहतो. मग सारा भार मनगटांवर येतो आणि दोष मात्र सीटला मिळतो. सीट फार उंच असली तर पायडलपर्यंत पोंचण्यासाठीं कंबर दोन्ही बाजूंस हलते, आणि घासून कातडी सोलते, आपलीही. स्त्रियांसाठीं याच सीटचा आंखूड नाकाचा प्रकार निघतो. आमच्या पत्रलेखिका बाई स्वतः ती सायकल चालविणार असतील तर त्यांनीं आधीं नाकाची लांबी पाहून घ्यावी; लुगडें वा साडी लांब नाकांत अडकते.

घाई करणाऱ्यांचे उपाय पुष्कळ आहेत. कोणी सीट पाण्यांत भिजवून ओलीच चालवितात, कोणी मोगरीनें ठोकतात, कोणी तेलांत बुडवितात. भिजविलेलें कातडें लौकर नमतें खरें. पण तें हाडांखालींच नव्हे तर सगळेंच ताणलें जातें, आणि एकदां ताणलें कीं पूर्ववत् होत नाहीं. तेलाचा उपाय कोणी केला, तें आतां सांगतों.

साल १९७३, दुष्काळाचें. वैशाख महिना. मी चौदा वर्षांचा होतों. आजोबा जाऊन पांच-सहा वर्षें झालीं होतीं. त्यांची सायकल ओसरीवर नुसती उभी असे. वडील स्वतःची निराळी, देशी बनावटीची सायकल चालवीत. तिची सीट नवी, कातडी, आणि कडक. रोज संध्याकाळीं आल्यावर ते पाटावर बसतांना हळूच हुंकार देत. मला त्यांची सेवा करण्याची बुद्धि झाली. आमच्या क्रिकेटच्या बॅटला आम्ही जवसाचें तेल पाजीत असूं, आणि बॅट सुधारत असे. जें बॅटला चालतें तें सीटला कां चालूं नये? एका रविवारीं मीं सीट काढली, एका घमेल्यांत तेल ओतलें, त्यांत ती रात्रभर उपडी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशीं गोठ्याच्या पत्र्यावर उन्हांत वाळत घातली. आमच्याकडे वैशाखांत सावलींतच पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्यावर काय झालें असेल याची कल्पना करावी.

संध्याकाळीं सीट पुरणपोळीसारखी मऊ झाली होती. वडील आठ दिवस फार खूष होते. मग ती मध्यें खचूं लागली. वडिलांनीं नाकाचा नट आवळला. आणखी खचली, आणखी आवळला. पावसाळ्यांत एके दिवशीं मागचे दोन रिव्हेट कातडें फाडून बाहेर आले. दिवाळीपर्यंत तें लोंबणारें कातडें पुन्हां कडक झालें, पण या वेळीं तें तडकलें. उन्हाळ्यांत आमच्या काळ्या रानाला भेगा पडतात तशा भेगा त्यावर पडल्या. वडील मला एक शब्दही बोलले नाहींत. ते रागावले असते तर बरें झालें असतें.

दुरुस्त होईल या आशेनें त्यांनीं ती जळगांवास नेली, बरोबर मलाही नेलें. तेथें रस्त्याच्या कडेला झाडाखालीं बसून काम करणारे एक वृद्ध चर्मकार होते. त्यांनीं सीट हातांत घेतली, उलटी केली, नाकाशीं नेली, आणि वडिलांकडे पाहून विचारलें, "भाऊ, याले तेल लावलं, का याले तेलात तळलं?" वडिलांनीं माझ्याकडे पाहिलें. म्हातारबाबा हंसले. तरुणपणीं ते मोटा शिवीत असत. विजेचे पंप आले, मोट गेली, आणि ते चपला-बुटांवर आले. मोट रात्रंदिवस पाण्यांत, तिला तेल न दिलें तर कातडें कुजावयाचें वा फाटावयाचें. तेव्हां कातड्याला तेल किती व केव्हां द्यावें हें ज्याला कळतें असा माणूस त्यांच्याहून दुसरा कोण असणार? घरीं आणखी एक जुनी सीट आहे असें कळतांच ती पाहण्याकरितां ते पुढच्या रविवारीं आपण होऊन असोद्यास आले.

त्या दिवसाची आठवण मला सुखाची नाहीं. ते अंगणांत बसले. आजीनें त्यांस वरून पाणी घातलें. वडिलांनीं ओसरीवर जाऊन आजोबांची सीट सायकलीवरून काढली, खालीं आणली व त्यांच्या हातांत दिली. राज्यघटनेनें अस्पृश्यता १९५० सालींच रद्द केली होती. आम्ही तें शाळेंत पाठ केलें होतें. तरीही या माणसास ओसरीवर बोलवावें हें घरांत कोणास सुचलें नाहीं, मलाही नाहीं. कातड्यास आमच्या ओसरीवर जागा होती. कातडें जाणणाऱ्यास नव्हती. त्यांनीं मात्र एक तासभर ती सीट मांडीवर घेऊन मला सर्व समजावून सांगितलें, आणि पैसे विचारले तेव्हां फाटकी सीट बरी करतां आली नाहीं म्हणून घेतले नाहींत.

त्यांनीं सांगितलेलें व पुढें मीं वाचून पडताळलेलें मिळून लिहितों. हें कातडें वनस्पतींच्या रसानें कमावलेलें असतें. आपल्याकडे बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यांत कातडें कमावण्याची जुनी रीत आहे. कोल्हापुरी चपला त्याच जातीच्या कातड्याच्या. असें कातडें दाबानें आकार घेतें व तो धरून ठेवतें, हा त्याचा गुण. परंतु ओलें असतांना सुमारें ७० ते ८५ अंश सेल्सियसची उष्णता लागली कीं तें आकसतें व ठिसूळ होतें, हा त्याचा दोष. म्हणून भिजलेली सीट उन्हांत किंवा चुलीजवळ वाळवूं नये. कोरड्या फडक्यानें टिपून सावलींत, वाऱ्यावर, दोन दिवस ठेवावी. आणि पुरती वाळेपर्यंत तिच्यावर बसूं नये, कारण ओल्या कातड्यावर बसणें म्हणजे तें आपल्या वजनानें ओढून काढणें होय.

तेलांमध्यें जवसाचें तेल सर्वांत वाईट. तें हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. रंगांत व वॉर्निशांत तें घालतात तें याच गुणामुळें. बॅटच्या लांकडावर तो पापुद्रा हितकर, कातड्याच्या तंतूंत तो घातक. करडईचें तेलही त्याच वळणाचें. खोबरेल थंडींत गोठतें व पुढें खवट होतें. एरंडेल सुकत नाहीं, म्हणून त्यांतल्या त्यांत तें बरें. मात्र तें चिकट असल्यामुळें धूळ धरतें. कंपन्यांच्या डब्यांतील तयार मलमांत बहुधा जनावराची चरबी असते. ती ज्यांस नको असेल त्यांनीं मधमाशांचें मेण एक भाग व एरंडेल तीन भाग घेऊन, उकळत्या पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून त्यांत तें वितळवावें व थंड होऊं द्यावें. हें मलम चहाच्या चमच्याइतकें सबंध सीटला पुरे. खालच्या खरखरीत बाजूस थोडें, वरच्या बाजूस त्याहून थोडें. रात्रभर ठेवून सकाळीं फडक्यानें घासून काढावें. मृगापूर्वीं एकदां व दिवाळीनंतर एकदां, एवढ्यानें भागतें. म्हातारबाबांचें म्हणणें असें कीं कातड्याला तेल देतांना हात आंखडता घ्यावा. कमी पडलें तर पुन्हां देतां येतें, जास्त झालेलें काढतां येत नाहीं.

नाकाचा नट आवळण्याचा मोह पुष्कळांस होतो. वर्षांतून पाव फेरा, तोही सीट खचल्याचें डोळ्यांस दिसलें तरच. आणि ओली किंवा नुकतें तेल दिलेली असतांना मुळींच नाहीं. कडा बाहेर फांकून मांड्यांस घासूं लागल्या तर दोन्ही कडांस खालीं भोंकें पाडून बुटाच्या नाडीनें त्या आंत बांधून घ्याव्या. नट आवळण्यापेक्षां हा उपाय पुष्कळ बरा.

आतां नाशिकच्या बाईंच्या सीटविषयीं. पांढरें दिसतें तें सर्व बुरशीच असतें असें नाहीं. कातड्यांतली जुनी चरबी वा मेणही वर येऊन पांढरें दिसतें. एका वाटींत गरम पाणी घालावें, तिचें बूड कोरडें पुसून त्या डागावर क्षणभर टेकवावें. डाग वितळून नाहींसा झाला तर तो चरबीचा, त्याची चिंता नको. तसाच राहिला तर बुरशी. ती घराबाहेर, नाकातोंडास कापड बांधून, कोरड्या ब्रशानें झाडावी, मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानें पुसून सावलींत वाळवावी. त्यानंतर कातडें नखानें हलकेंच खरवडून पाहावें. विटकरीसारखी तांबूस भुकटी हातास लागली तर तें कातडें आंतून मेलेलें आहे. त्यास कोणतेंही तेल जिवंत करीत नाहीं, आणि तेव्हां मात्र चिरंजीवांचें ऐकावें. भुकटी न निघाल्यास वर सांगितलेलें मलम अगदीं पातळ हातानें द्यावें, आठ दिवस थांबावें, पुन्हां द्यावें. तीन-चार वेळांत लांकूडपणा जातो. रिव्हेटांभोंवतीं भेगा आहेत कीं काय तें पाहिल्याशिवाय कोणासही तिच्यावर बसूं देऊं नये. रिव्हेट नवे मारणारे कारागीर अजून मिळतात. त्यांस घरीं बोलावलें तर ओसरीवर, खुर्चीवर बसवावें.

आमच्या आजोबांची सीट सध्यां पुण्यास माझ्या पुतण्याकडे आहे. आजोबांच्या वाट्या त्याच्या हाडांस नेमक्या बसत नाहींत. तो अंगानें रुंद आहे. गेल्या दिवाळींत त्यानें ती आपल्या सायकलीस लावली, आणि पहिले दोन महिने काका, ही सीट मला आजोबांची शिस्त लावते आहे, असें फोनवर सांगत असे. परवां आला तेव्हां मीं ती उजेडांत धरून पाहिली. जुन्या वाट्यांच्या बाहेरच्या अंगास दोन नवे उतार दिसूं लागले आहेत. जुन्याही अजून दिसतात. तेलाचा डबा मीं त्यास दिला नाहीं. वर्षांतून दोनदां सीटच इकडे पाठव, असें सांगितलें आहे.

एक राहिलें. मलम दिलेल्या काळ्या वा तपकिरी सीटचा रंग पहिले कांहीं दिवस कपड्यांस लागतो. बाईंनीं घरांत सर्वांस सांगून ठेवावें कीं महिनाभर पांढरें धोतर, फिकट विजार किंवा चांगली साडी नेसून तिच्यावर बसूं नये. तो डाग साबणानें निघत नाहीं.